केसपेपरवरचे तेरावे वर्ष

माझ्या नोकरीची एकतीस वर्षे एका हिरव्या पडद्याच्या आत गेली. मुलुंडच्या एका प्रसूतिगृहात, डॉक्टर मॅडमच्या केबिनला लागून, पाच पावलांत संपणारा एक कोपरा होता. त्यात एक वजनकाटा, एक टेबल, रक्तदाब मोजायचे यंत्र आणि दोन खुर्च्या. पडद्याला फिनेलचा आणि उन्हात वाळवलेल्या कापडाचा असा मिश्र वास येई. बाहेरच्या बाकांवर बसलेल्यांची कुजबुज पडद्याच्या कापडातून गाळून आत येत असे, शब्द बाहेरच राहत आणि नुसता सूर पोचे.

माझे वडील शाळेत मराठी शिकवीत. लहानपणी मला पाढ्यांच्या आधी वृत्ते पाठ होती. मी मराठी घेऊन बीए झाले आणि मग एकाएकी नर्सिंगला गेले, हा वडिलांना शेवटपर्यंत यतिभंग वाटला. मला मात्र पडद्याआडच्या त्या कोपऱ्यात कवितेचा वर्ग सुटल्यासारखे कधी वाटले नाही. तिथेही कान लावूनच बसायचे होते.

काम असे होते. बाई डॉक्टरांकडे जाण्याआधी माझ्याकडे येई. मी तिचे वजन करायचे, रक्तदाब बघायचा आणि केसपेपर भरायचा. वय, लग्नाला किती वर्षे, मुले किती, शेवटची पाळी कोणत्या तारखेला, पहिली कितव्या वर्षी, घरात कोणाला काही त्रास. डॉक्टर तपासतात ते शरीर. मी विचारायची ती हकिकत. निम्मे निदान हकिकतीत असते, असे आमच्या मॅडम म्हणत आणि बाकीचे निम्मे स्वतःकडे ठेवीत.

विचारण्याचीही एक रीत असते. सासू शेजारी उभी असताना काही विचारायचे नाही. तिला आधी नळावर नाहीतर पैसे भरायच्या खिडकीवर पाठवायचे. प्रश्न समोर बघून विचारायचा नाही. दंडाला पट्टा गुंडाळताना विचारायचा, कारण दंड धरलेला असला की माणसे जागची हलत नाहीत आणि यंत्रातल्या हवेच्या फुसफुशीत लाजऱ्या उत्तरांना आडोसा मिळतो. तारखा बायकांना क्वचितच आठवतात, पण तिथी आठवते. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. वटपौर्णिमेला उपास मोडायच्या आत. म्हणून माझ्या टेबलामागच्या भिंतीवर तिथीवार दाखवणारे कॅलेंडर कायम टांगलेले असे, आणि मी तिथीची तारीख करून कागदावर उतरवीत असे. नव्या डॉक्टर मुली हसत. मला त्यात मात्रा मोजल्याचा आनंद होता.

त्या कॅलेंडरने एकदा माझी मान उंच केली, ते सांगायला हवे. घाटकोपरहून एक आई चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. पोटात दुखते, दोन ठिकाणी दाखवले, कोणी अपेंडिक्स म्हणाले, कोणी अभ्यासाचे ढोंग. पाळी अजून सुरू झालेली नव्हती, म्हणून त्या बाजूने कोणी विचारच केला नव्हता. मी पट्टा गुंडाळताना आईला विचारले की शेवटचे कधी दुखले. ती म्हणाली, संकष्टीला. त्याच्या आधी? ती जरा थबकली आणि म्हणाली, तेव्हाही संकष्टीच होती, चंद्र बघायला ही उठू शकली नव्हती. मी कागद घेऊन मॅडमकडे गेले आणि म्हटले, हिला पाळी येते आहे, फक्त बाहेर येत नाही. वाट जन्मापासून बंद होती. लहानशा शस्त्रक्रियेने ती मोकळी झाली. पुढे कित्येक दिवस मॅडम नव्या डॉक्टरांना सांगत की आमच्या माधवी सिस्टरनी चंद्रावरून निदान केले.

दुसरी हकिकत सांगताना माझा हात अडखळतो. मालाडची एक सतरा वर्षांची मुलगी होती, उंच, केसांना खोबरेलाचा दाट वास, नखांना उडत चाललेला गुलाबी रंग. पाळी आलेली नाही एवढीच तक्रार. ती घाबरली होती आणि मी तिला म्हटले, येते गं काहींना उशिरा, काही नसतं. हे वाक्य मी तोवर शेकडो मुलींना म्हटले असेन. ते ब्लड प्रेशरच्या पट्ट्यासारखेच हाताशी असे. सोनोग्राफीत कळले की तिला गर्भाशय नव्हते. परत जाताना ती पडदा बाजूला करून क्षणभर थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते. त्या दिवसापासून ते वाक्य मी तोंडातून काढले नाही.

हे सगळे मागचे. आता घरातले.

माझी मुलगी मैत्रेयी मला उशिरा, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झाली. आम्ही कांजूरमार्गला राहतो, कचराभूमीकडून वारा फिरला की खिडकी लावून घ्यावी लागते अशा बाजूला. मैत्रेयी चौदा वर्षांची झाली तेव्हा तिच्या वर्गातल्या बहुतेक मुली न्हात्याधुत्या झालेल्या होत्या. मी विचारीत नव्हते. विचारणे हा माझा धंदा होता, आणि घरी येऊन धंदा करू नये असे मी स्वतःला बजावले होते. खरे कारण वेगळे होते. घरात दंडाला गुंडाळायला पट्टा नव्हता, मग प्रश्न काढायचा कसा?

एके दिवशी कपाटातले पॅडचे पाकीट हातात घेतले तर ते हलके लागले. तिच्यासाठी मी दोन आणून ठेवली होती, एक तिला दाखवायला फोडले होते, आणि माझ्या हिशेबापेक्षा त्यात पाच कमी होते. पुढच्या महिन्यात चार. मी कपाटाचे दार लावले आणि तिथेच पाठ टेकून उभी राहिले. आली तर. आणि हिने मला सांगितले नाही. आनंद आधी झाला की दुःख, ते मला आजही सांगता येत नाही. दोन्ही एकाच श्वासात आत गेले.

मी ठरवले, ती सांगेल तेव्हा सांगेल. त्या संध्याकाळी मी तुपात रवा भाजून, केशर, वेलची घालून शिरा केला. आमच्याकडे मुलगी शहाणी झाली की गोड करतात. मैत्रेयीने ताटाकडे पाहिले.

“आज काय आहे?”

“काही नाही.”

“मग एवढे काजू?”

तिचे बाबा, सुधीर, म्हणाले की काजू मिळाल्यावर कारण विचारू नये. तिने दोनदा शिरा घेतला. मी तिच्या चेहऱ्यावर काही उमटते का ते पाहत होते. उमटले ते इतकेच की शिरा आवडला.

असे आठ महिने गेले. आठ महिने मी कपाटातल्या पाकिटावरून मुलीची पाळी मोजीत होते आणि मनातल्या केसपेपरवर तारखा टाकीत होते. दिवस जरा मागेपुढे होत होते, पण पहिल्या वर्षी ते होतातच, असे मी स्वतःला समजावले. बाहेर मी चंद्रावरून निदान करणारी सिस्टर. घरात पाकीट हलके झाले म्हणून निश्चिंत झालेली आई.

गणपतीला गाठ सुटली. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो आणि त्यासाठी चारकोपहून सुधीरची थोरली बहीण, नलूताई, दोन दिवस आधी येते. नलूताई म्हणजे शिस्त. उकड काढायच्या आधी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून घरातल्या प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारते, हळू आवाजात, भांड्याकडे बघत: अडचण नाही ना? मला ती प्रथा पटत नाही. इतक्या वर्षांत मी एकदाही तसे बोलले नाही, हेही खरे. त्या दिवशी माझ्या मनातल्या हिशेबाने मैत्रेयीचे दिवस अगदी जवळ आले होते. नलूताईने तिला विचारले तेव्हा मी नारळ खवत होते आणि माझा हात थांबला.

“मला कसली अडचण,” मैत्रेयी सरळ म्हणाली. “मला अजून आलेलीच नाही. कधीच.”

खोबऱ्याचा ओला गोड वास, गॅसवर खदखदणारे पाणी, आणि त्यात ते वाक्य. मी मान वर केली. नलूताईच्या हातातली परात तिरकी झाली होती आणि तांदळाची पिठी लादीवर सांडत होती. तिच्याएवढी नीटनेटकी बाई, पण सांडते आहे हे तिला कळत नव्हते. ती सोवळ्याच्या विचाराने दचकली असे तेव्हा मला वाटले.

मोदक झाल्यावर मी मैत्रेयीला गॅलरीत नेले आणि पॅडचे विचारले. ती आधी माझ्यावरच उसळली, की तू मोजत होतीस? मग रेलिंगवर हात घासत म्हणाली, “अगं, वर्गात कोणाला अचानक आली की सगळ्या माझ्याकडे येतात. मैत्रेयीच्या दप्तरात असतंच, असं झालंय.”

“पण तुला का लागतं ठेवायला?”

“ज्यांना येते त्यांचं एक वेगळं टोळकं असतं ना, आई. त्या आपापसात बोलतात आणि आम्ही आलो की गप्प. माझ्याकडे पॅड असलं की कोणी विचारत नाही मला येते का. धरूनच चालतात.”

“आणि मी?”

“तू पण धरूनच चाललीस ना.”

ती पंधरा वर्षे तीन महिन्यांची होती. बाहेरच्यांसाठी नियम साधा आहे, आणि तो मी हजारदा सांगितला आहे. तेरापर्यंत शरीरात काहीच बदल दिसले नाहीत, किंवा बदल दिसले पण पंधरापर्यंत पाळी आली नाही, तर घाबरू नये, पण दाखवावे. माझ्या घरात मी आठ महिने धरून चालले होते.

विसर्जनानंतरच्या सोमवारी मी तिला आमच्याच प्रसूतिगृहात नेले. माझ्या खुर्चीवर प्रज्ञा बसली होती, दोन वर्षांपूर्वी लागलेली नर्स, मीच शिकवलेली. मी समोरच्या खुर्चीवर. तिने मैत्रेयीच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि भांड्याकडे बघावे तसे यंत्राकडे बघत प्रश्न विचारायला सुरुवात केली. माझी रीत मला अशी समोरून पहिल्यांदाच दिसली आणि ती इतकी धूर्त असेल असे वाटले नव्हते. घरात कोणाची उशिरा आली होती का, हा प्रश्न आला. माझी तेराव्या वर्षी. सासूबाई हयात नाहीत. राहिली नलूताई. मी तिथूनच फोन लावला. तिला तोच प्रश्न विचारला.

“तेरा,” नलूताई म्हणाली. “तेरा असं लिहा.”

प्रज्ञाने लिहिले. सुधीरनेही नंतर तेच सांगितले. तो सात-आठ वर्षांचा असताना नलूताई महिन्याचे चार दिवस खिडकीखाली वेगळी बसायची आणि तिला शिवायचे नाही असा दम त्याला आईने दिला होता. म्हणजे प्रत्यक्षदर्शी साक्षीदारही होता.

मग मॅडमनी मला म्हटले, “माधवी, तू बाहेर बस. मी मैत्रेयीशी बोलते.” एकतीस वर्षांत मला त्या केबिनबाहेर कोणी बसवले नव्हते. मी बाकावर बसले आणि पडद्यातून गाळून येणारा माझ्या मुलीच्या आवाजाचा सूर ऐकत राहिले. शब्द कळत नव्हते. इतकी वर्षे बाहेर बसणाऱ्या आयांना काय ऐकू येत होते, ते तेव्हा कळले.

रक्त दिले. डाव्या हाताचा एक्स-रे काढला, कारण हाडांवरून शरीराचे खरे वय कळते. सोनोग्राफीसाठी मैत्रेयीला पाणी पीत बसावे लागले, मूत्राशय भरलेले हवे असते. ती घोटाघोटाने पाणी पीत होती आणि मला त्या मालाडच्या मुलीच्या खोबरेलाचा वास येत होता, जरी तिथे कोणाच्या केसांना तेल नव्हते.

“आई, काही नसतं ना?” मैत्रेयीने विचारले.

माझ्या जिभेवर ते जुने वाक्य आले. मी ते उच्चारले नाही. मी म्हटले, बघू या. तिचा चेहरा उतरला.

“तुला माहिती आहे, पण तू सांगत नाहीयेस,” ती म्हणाली आणि बाटली माझ्या हातात देऊन टाकली.

मला खरेच काही माहीत नव्हते. पण हे तिला कोणत्या शब्दांत सांगायचे? नर्स म्हणून मला दहा शक्यता माहीत होत्या आणि आई म्हणून एकही नको होती. ती मला खोटी समजत होती, आणि खोटे बोलले असते तर तिने विश्वास ठेवला असता. या दोहोंतले बरे काय, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

आतल्या अंधारात यंत्राचा पडदा उजळला. इतकी वर्षे मी ती करडी, धुक्यासारखी चित्रे पाहिली होती, पण त्या दिवशी मला काही ओळखू येईना. सोनोग्राफीच्या डॉक्टर ओळखीच्या होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटले, “आहे.” आणि मग, “लहान आहे, पण आहे. बाजूच्या दोन्ही ग्रंथीही आहेत.” मी भिंतीला हात लावून उभी राहिले. भिंत गार होती.

रिपोर्ट आले. थायरॉइड ठीक. हाडे तिच्या वयाच्या दोन वर्षे मागे. हार्मोन कमी, पण का कमी हे रक्तातून सांगता येत नव्हते. मॅडमनी सगळे कागद टेबलावर पसरले. दोन शक्यता होत्या, त्या म्हणाल्या. एक, हिचे घड्याळच सावकाश आहे आणि थोडे थांबले की वाजेल. दुसरी, मेंदूतल्या ज्या ग्रंथीने हुकूम सोडायचा तिथेच काही अडले आहे. दोन्हींत सुरुवातीला कागद सारखेच दिसतात.

“घरात कोणाची उशिरा आली असती, तर मी शांतपणे थांबले असते,” त्या म्हणाल्या. “तसं कोणी नाही. म्हणून मेंदूचा फोटो काढून घेऊ.”

तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली. मैत्रेयी त्या आठवड्यात माझ्याशी कामापुरतेच बोलली. कपाटातले पॅड कमी व्हायचे थांबले. ते मला का टोचले, तेही मला कळले नाही.

रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. नलूताई. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात, चारकोपहून दोन बस बदलून, न कळवता. चपला न काढता ती उंबऱ्यात उभी राहिली. सुधीरने सकाळी फोनवर तिला मेंदूच्या फोटोबद्दल सांगितले होते.

“तो फोटो काढू नका,” ती म्हणाली. “आधी माझं ऐका.”

मी तिला आत बसवले. पाणी दिले, तिने घेतले नाही. मैत्रेयी आतल्या खोलीतून दारापर्यंत आली, तेव्हा मी तिला खुणेने परत पाठवणार होते. नलूताईने मला थांबवले. म्हणाली, तिच्यासाठीच आलेय.

मग तिने सांगितले ते असे. माझे सासरे, म्हणजे नलूताईचे वडील, गिरणीत होते आणि बिऱ्हाड घाटकोपरच्या चाळीत. माळ्यावर सहा खोल्या आणि नळ एकच. कोणती बाई कोणत्या दिवशी नळावर आली नाही, हे बाकीच्या पाचजणींना ठाऊक असायचे. नलू चौदा पूर्ण होत आली आणि महिन्याचे तीसही दिवस पाणी भरीत राहिली. तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईने सासूबाईंना सगळ्यांदेखत विचारले, काय हो, नलूला अजून कावळा शिवला नाही? सासूबाई हसून म्हणाल्या, कधीच शिवला, मीच बोलले नाही. आणि पुढच्या महिन्यात त्यांनी नलूला खिडकीखाली घोंगडी घालून दिली. वेगळे ताट, वेगळा तांब्या. चार दिवस.

“पण तुला आली नव्हती?” मैत्रेयी दारातूनच म्हणाली.

“नाही गं. आईने कॅलेंडरवर खूण केलेली असायची. अठ्ठावीस दिवस झाले की बसायचं. सुधीर जवळ आला तरी त्याला दटावायचं. चार दिवस झाले की न्हायचं, आणि मग नळावर जायचं, सगळ्यांना दिसेल असं.”

असे तीन वर्षांहून अधिक काळ. आणि खरी आली ती सतरा सरून गेल्यावर, गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी. नलूताई इथे थांबली. तिने साडीच्या पदराची कड बोटांनी चुरली.

“कॅलेंडरवर तेव्हा माझी पाळी होऊन दहाच दिवस झाले होते. आई म्हणाली, आत्ता बसलीस तर लोक म्हणतील महिन्यातून दोनदा कशी? हिला काहीतरी रोग आहे. म्हणून ती लपवायची ठरली. मी तशीच पाणी भरलं. सणाचं पाणी. दोन्ही हातांत कळश्या.”

 खिडकी लावलेली होती, तरी वाऱ्याबरोबर बाहेरचा आंबूस वास आत शिरला होता. मग मैत्रेयी पुढे आली आणि आत्याच्या पायाशी जमिनीवर बसली.

“थांब हं. म्हणजे आली नव्हती तेव्हा तू बसायचीस, आणि आली तेव्हा पाणी भरलंस?”

“होय गो.”

“कसली वाट लावलीय यार तुम्ही लोकांनी.”

नलूताई तिच्याकडे बघत राहिली आणि मग हसू लागली. आधी पदरात, मग उघडपणे. मैत्रेयीही हसायला लागली आणि म्हणाली, मी तर नुसतीच पॅड वाटते, तुझ्यापुढे मी काहीच नाही. मी मधे उभी होते आणि माझे डोळे भरून आले होते. हे हसू मला कुठे ठेवावे ते समजेना.

नंतर मी विचारले की मग फोनवर तेरा का सांगितलेत. तिने सरळ उत्तर दिले. आईने सांगून ठेवले होते की कोणीही विचारले तरी तेरा सांगायचे. लग्नाच्या वेळी तेच सांगितले. दोन्ही बाळंतपणांत केसपेपरवर तेच लिहिले गेले. नवऱ्याला आजतागायत माहीत नाही. “तुझा फोन आला आणि तोंडातून तेच आलं. खोटं बोलतेय हे माझ्याही लक्षात नाही आलं, इतकं ते जुनं झालंय.”

दुसऱ्या दिवशी मॅडमनी केसपेपरवरचे तेरा खोडले आणि वर सतरा लिहिले. फोटो पुढे ढकलला. सोळा पूर्ण होईपर्यंत थांबू, म्हणाल्या, मधे डोके दुखणे, दृष्टी अंधुक होणे असे काही झाले तर लगेच यायचे. मैत्रेयीने विचारले की एका आकड्यावरून एवढे बदलते का. मॅडम म्हणाल्या की आकड्यावरून नाही, सगळ्या कागदांना आता एक अर्थ लागतो, म्हणून.

मला मात्र अर्थ लागेनासा झाला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी पडद्याआड बसले, पण पेन हातात घेतले की मन चाचपडे. बाई म्हणे, तेरा. मी लिहीत असे तेरा, आणि पाहत असे तिच्या दंडाकडे, पट्ट्याकडे, खाली झुकलेल्या पापण्यांकडे. किती तेरा खरे होते? त्या कागदांवरून किती मुलींना थांबवले गेले, कितींना उगाच पुढे धाडले? एकतीस वर्षे मी हकिकत लिहिली याचा मला अभिमान होता. तो गेलेला नाही. पण आता तो सरळ उभा राहत नाही.

घरी मी मैत्रेयीशी एक करार केला. मी पाकीट मोजणार नाही, आणि तिला विचारणारही नाही. तिने मान हलवली. बोलणे हळूहळू पूर्ववत झाले, पूर्ण नाही. आत्याशी मात्र ती रोज फोनवर बोलू लागली. दार लावून. कशाबद्दल, ते मला कधी सांगितले गेले नाही, आणि मी करार पाळला. पाळताना मत्सर वाटला, हेही इथे लिहून ठेवते.

दहावीची परीक्षा झाली. सुट्टीत मैत्रेयी चारकोपला आत्याकडे गेली. तिला सोळा पूर्ण व्हायला तीन आठवडे उरले होते. मी निवृत्त होऊन महिनाही झाला नव्हता आणि भर सकाळी घरात असण्याची सवय अजून अंगाला लागली नव्हती. कैऱ्या किसत बसले होते. बोटे आंबट, चिकट झालेली. फोन वाजला तो कोपराने सरकवून उचलला.

“माधवी, तिची आली,” नलूताई म्हणाली. “आत्ताच. ठीक आहे ती. मला म्हणाली, आईला तू सांग.”

मी काहीतरी बोलले असेन. पोट दुखतेय का, असे विचारल्याचे आठवते. नलूताई म्हणाली की थोडे दुखतेय, पण मजेत आहे, अंघोळीला गेलीय. मी फोन ठेवायला गेले.  तेवढ्यात तिचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीतला, आणि भाषा तिच्या आईच्या घरातली.

“म्हणजे माझां तेव्हा काय चुकीचां नव्हता, होय ना गो?”

पंचेचाळीस वर्षे ही बाई हा प्रश्न घेऊन हिंडत होती. दोन मुले झाली, ती मोठी झाली, आणि तरी खिडकीखालच्या त्या मुलीला कोणी उत्तर दिले नव्हते.

“नाही, नलूताई,” मी म्हटले. “काहीही चुकीचं नव्हतं. तुमची उशिरा येणार होती, एवढंच.”

 मला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्या मागे बादलीत पडणारे पाणी. मग ते पाणी थांबले आणि मैत्रेयीची हाक आली, आत्या, टॉवेल दे ना.

“देतंय गो,” नलूताई म्हणाली आणि उठली. फोन बंद करायचे तिच्या ध्यानात राहिले नाही. मी चिकट बोटे तशीच हवेत धरून, त्या दोघी काय बोलतात ते ऐकत बसले.